जुना डीएसएलआर घ्यावा की खिशातला छोटा कॅमेरा?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

हातातलं काम थांबवू नका, भाकऱ्या थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

आज बोलायचंय ते एका गटाच्या पत्रावर. गावाचं नाव सांगू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून सांगत नाही. बारा जणींचा गट आहे, मसाला आणि शेवया करतात. कॅमेऱ्यासाठी त्यांनी १५ हजार रुपये बाजूला काढलेत. तालुक्याच्या एका फोटोग्राफरनं आपला जुना डीएसएलआर लेन्स आणि बॅगेसकट ९ हजाराला देऊ केलाय. दुसरीकडे एका ताईंच्या भावाकडे मुठीत मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा आहे, तो ४ हजाराला मिळतोय. गटात दोन तट पडलेत. पाकिटांचे फोटो हवेत, मीटिंगचे हवेत, आणि एका काकूंच्या बारावी झालेल्या सुनेला बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू यांचे फोटो काढून चार पैसे मिळवायचेत. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘मोठा घेतला तर अध्यक्षताईंचा मुलगा चालवील, त्याला येतो.’ त्या ओळीकडे मी नंतर वळते.

आधी हे दोन कॅमेरे म्हणजे काय ते बघू. लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो, डोळ्याला लावून फोटो काढतात आणि ज्याची लेन्स फिरवून काढता येते, तो डीएसएलआर. छोट्याची लेन्स आतच असते, बटण दाबलं की नळीसारखी बाहेर येते. पूर्वी कॅमेऱ्यात रोल जिथं बसायचा तिथं आता सेन्सर असतो. छोट्या कॅमेऱ्यात तो साधारण ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. साध्या डीएसएलआरमध्ये तो २२ बाय १५ मिलिमीटरच्या आसपास, लहान टपाल तिकिटाएवढा. हिशेब केला तर क्षेत्रफळ बारा पट होतं. पावसात अंगणात वाटी ठेवा आणि परात ठेवा, पाणी कशात जास्त जमेल? उजेडाचंही तसंच. भर दुपारी अंगणात फोटो काढला तर वाटीही भरते आणि परातही, फरक फारसा दिसत नाही. पण बारसं होतं माजघरात, पाळण्याभोवती बायकांची गर्दी, वर एकच बल्ब. तिथं छोट्याचा फोटो रवाळ येतो, नाहीतर हललेला येतो. फ्लॅश मारला तर पुढच्या बाईचा चेहरा पांढराफटक आणि मागच्या सगळ्या अंधारात, कारण त्या इवल्या फ्लॅशचा उजेड तीनेक मीटरच्या पुढं पोचत नाही.

दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे सांगून भुलवतात, त्याकडे लक्ष देऊ नका. अर्जाला लावायच्या साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरच्या फोटोला पाव मेगापिक्सेलसुद्धा लागत नाही. अल्बमच्या ४ बाय ६ इंची फोटोला दोन-सव्वादोन पुरतात. भिंतीवर लावायच्या ८ बाय १२ इंची फोटोला नऊच्या आत भागतं. म्हणजे दहा मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर आपल्या सगळ्या कामांना पुरून उरतो, आणि वीस मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा अंधाऱ्या माजघरात त्याच्यापुढं टिकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मोबाईल आहे की घरोघरी! खरं आहे. पाकिटांचे आणि मीटिंगचे फोटो मोबाईलवर निघतात. खिडकीशी टेबल ओढा, एका बाजूला पांढरं धोतर किंवा चादर धरा, मसाल्याचं पाकीट झकास दिसतं. पण म्हणूनच छोटा कॅमेरा विकत घेण्यात मला आता फारसा अर्थ दिसत नाही. त्यात झूम आहे, तो मोबाईलपेक्षा चांगला, शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून पोरगं जवळ दिसतं, एवढं खरं. वजन सव्वाशे-दीडशे ग्रॅम, बटव्यात राहतो. काही जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत, कॅननच्या ए मालिकेत किंवा निकॉनच्या कूलपिक्स एल मालिकेत, रिमोटचे किंवा भिंतीवरच्या घड्याळाचे पेन्सिल सेल चालतात, तेही सोयीचं वाटतं. फक्त साधे स्वस्त सेल त्यात थोड्याच फोटोंत मान टाकतात. पुन्हा चार्ज होणारे सेल घ्यावे लागतात आणि त्यांचा चार्जरही. शिवाय उन्हात उभं राहिलं की मागच्या पडद्यावर काहीच दिसत नाही, पदर डोक्यावर ओढून अंदाजानं बटण दाबायचं. डीएसएलआरला डोळा लावायची खिडकी असते, शेतात ऐन दुपारीही समोरचं लख्ख दिसतं.

तेव्हा प्रश्न असा विचारा : आपल्याला नोंद ठेवायची आहे की कमाई करायची आहे? नुसती नोंद ठेवायची असेल तर कॅमेरा घेऊच नका, मोबाईल पुरे, पैसे मिरची घ्यायला वापरा. कमाई करायची असेल तर गिऱ्हाईक पैसे कशाचे देणार? त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर निघत नाही अशा फोटोचे. तो छोट्या कॅमेऱ्यातून निघणार नाही. म्हणून या गटाला मी सांगते, डीएसएलआर घ्या. मात्र डोळे मिटून नाही, तपासून.

पत्रात मॉडेलचं नाव नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. कॅननचा १००० डी हा २००८ सालचा, दहा मेगापिक्सेलचा. आजही छान फोटो देतो, पण त्यात व्हिडिओ नाहीच. त्याच वर्षी आलेला निकॉनचा डी ९० हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर. २०१० च्या निकॉन डी ३१०० मध्ये व्हिडिओ चांगला आहे, पण त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून जुन्या लेन्स त्यावर बसल्या तरी फोकस हातानं फिरवावा लागतो. लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं असेल तर काळजी नाही. फोटोग्राफर म्हणाला, ‘सोबत अजून एक लेन्स फुकट देतो,’ तर हे आधी बघा. कॅननच्या ४०० डीला नेहमीचं एसडी कार्ड चालत नाही, जाडं सीएफ कार्ड लागतं, ते गावात मिळायचं नाही. आणि १००० डीसारख्या जुन्यांना ३२ जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड घ्या. ६४ चं चालेलच असं नाही.

बघायला जाल तेव्हा दोघी-तिघी जा, सोबत बॅटरी न्या, म्हणजे आपली उजेडाची बॅटरी. लेन्स काढायला लावा, एका बाजूनं उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, स्टुडिओवाले तिला फंगस म्हणतात. धूळ असेल तर चालते, फंगस चालत नाही. ती वाढत जाते आणि काच खाते. कोकणातून किंवा घाटमाथ्यावरून आलेल्या कॅमेऱ्यात हे जरूर बघा.

मग शटर. फोटो काढताना खट्ट आवाज होतो तो शटरचा. त्यालाही आयुष्य असतं. साध्या डीएसएलआरचं शटर पन्नास हजार ते एक लाख फोटोंचं धरतात. लग्नाचा फोटोग्राफर एका लग्नात दीड हजार फोटो सहज काढतो, म्हणजे पन्नास लग्नांत पंचाहत्तर हजार झाले! आकडा विचारा. निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्येच तो दडलेला असतो, संगणकावर बघता येतो. कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, पण फोटोग्राफरला ते माहीत असतं. फाईलच्या नावातला आकडा दाखवून तो ‘बघा, चारच हजार झालेत’ म्हणाला तर हसा आणि पुढं चला. तो आकडा ९९९९ नंतर पुन्हा एकपासून सुरू होतो.

तिसरी गोष्ट, मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढायला सांगा, छिद्र अगदी बारीक करून, म्हणजे १६ किंवा २२ आकड्यावर. फोटोत काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करा. फ्लॅश उघडतो का, सगळी बटणं चालतात का, बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर त्याच कंपनीचा आहे का, हे बघा. आणि मूळ पावती मागा. पावती नसेल तर निदान त्याच्या सहीचा कागद घ्या, कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर त्यावर लिहून. चोरीचा माल आपल्या गळ्यात पडायला नको.

९ हजार सांगतोय म्हणजे ९ हजारच द्यायचे असं नाही. बाजारात वांगी घेताना आपण काय करतो? आणि उरलेले ६ हजार लगेच उडवू नका. एक जादा बॅटरी आणि एक कार्ड एवढं घ्या. चार-सहा महिन्यांनी कामं मिळू लागली तर ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची एक लेन्स घ्या. सोबत येणाऱ्या १८-५५ च्या लेन्सपेक्षा ती कितीतरी जास्त उजेड आत घेते. बारशाच्या फोटोंना खरी जान तिच्यामुळं येते. त्या लेन्सला झूम नसतो, आपल्यालाच पुढं-मागं सरकावं लागतं.

आता पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येते. अध्यक्षताईंच्या मुलाला कॅमेरा येतो, चांगलं आहे, त्याला दोन दिवस शिकवायला बोलवा, चहा पाजा. पण चालवणार तो असेल तर तो त्याचा कॅमेरा झाला, पैसे बारा जणींचे असले तरी. गावातल्या ट्रॅक्टरचं, पिठाच्या गिरणीचं, अगदी गटाच्या शिलाई मशीनचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. यंत्र बाईच्या नावावर आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! शिवाय विचार करा, डोहाळजेवणाला, माजघरातल्या बारशाला, ओटी भरताना बायका कोणापुढं मोकळ्या बसतात? गटाला मिळणारं काम हे बायकांमधलंच आहे. तिथं मुलगा गेला तर बायका पदर सावरून ताठ बसतील आणि फोटोही तसेच येतील.

‘जड आहे, बाईला झेपणार नाही’ हे तर मी ऐकूनच घेत नाही. साधा डीएसएलआर लेन्ससकट पाऊण किलोच्या आत-बाहेर भरतो. कडेवरचं पोर किती किलोचं असतं? होमाई व्यारावाला हे नाव ध्यानात ठेवा. १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईत शिकल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तपत्र छायाचित्रकार. साडी नेसून, सायकलवरून दिल्लीभर फिरायच्या आणि त्यांचा स्पीड ग्राफिक कॅमेरा आजच्या डीएसएलआरच्या कितीतरी पट जड होता. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे, हेही सांगून ठेवते. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आणि अहमदाबादला ‘सेवा’ संघटनेच्या बायकांनी १९८४ पासून व्हिडिओ कॅमेरे हाती घेतले, त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं.

म्हणून पैसे देण्याआधी एक करा. फोटोग्राफरकडून कॅमेरा आठ दिवस मागून घ्या, हवं तर थोडी अनामत ठेवा. सूनबाई आणि अजून दोघी, अशा तिघींच्या हाती तो द्या. मोड ‘ऑटो’वर ठेवा, पट्टा गळ्यात घालायचा म्हणजे घालायचाच. रोज प्रत्येकीनं वीस फोटो काढायचे : चूल, शेळी, सासूबाई, काहीही. आठव्या दिवशी मीटिंगमध्ये बघा. तिघींपैकी एकीनंही हात लावला नसेल आणि सगळे फोटो मुलानंच काढलेले असतील, तर घेऊ नका. दोघींचे हात बसले असतील तर घ्या आणि ठराव प्रोसिडिंगच्या वहीत लिहा : कॅमेरा कोणाकडे राहील, बाहेरच्या कामाचे पैसे किती, त्यातले काढणारीला किती आणि गटाला किती, पडून फुटला तर भरपाई कशी. घरच्या लग्नाला फुकट न्यायचा की नाही, हेही लिहा. भांडणं तिथंच होतात. माझं मत विचाराल तर काढणारीला निम्म्याहून जास्त द्या, रात्री उशिरापर्यंत उभी राहते ती.

एक राहिलंच. पावसाळा तोंडावर आलाय. कॅमेरा त्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवू नका, बॅगेचं अस्तर ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच, मोठ्या मिळाल्या तर उत्तम. कोणी सांगेल तांदूळ टाका, तर तांदूळ नको, त्याची भुकटी लेन्समध्ये जाते. आणि वापर नसला तरी आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून कोवळ्या उन्हाजवळ, पण सावलीत, तासभर ठेवा आणि चार फोटो काढून मगच डब्यात घाला.