टिकाऊ विकास कुणाच्या जिवावर?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



1987 साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली : आजच्या गरजा भागवायच्या, पण पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढायचा नाही. आयोगाच्या अध्यक्षपदी एक स्त्री होती. उद्योगांनी ही भाषा लगेच उचलली, पण तिच्यात बाई कुठे आहे? मी ऊसतोड बायकांमध्ये काम करते, म्हणून साखर उद्योगाबद्दलच बोलते.

साखर कारखाने आज स्वतःला पर्यावरणाचे मित्र म्हणवतात. चिपाडापासून वीज, मळीपासून इथेनॉल. हे चांगलंच आहे. पण ऊस वाढतो कशावर? राज्याच्या थोड्याशा जमिनीवरचं हे पीक सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितं. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच मराठवाड्यात ऊसही आहे आणि कारखानेही.

आणि तो तोडतं कोण? नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब त्याच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर राबते, मोळ्या डोक्यावर वाहते. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीत ना पाणी, ना आडोसा. अंगावरून जातं, पोट दुखतं, आणि सल्ला मिळतो, ‘पिशवी काढून टाका.’ 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती.

कारखान्याला जाब विचारला की उत्तर ठरलेलं : मजूर मुकादमाचे, आमचे नाहीत. म्हणजे ऊस कारखान्याचा, वीज कारखान्याची, इथेनॉल कारखान्याचं, फक्त बाई कुणाचीच नाही!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. बाईची स्वतंत्र नोंद आणि तिची मजुरी तिच्या खात्यात. तळावर पाणी, संडास, पाळणाघर. आजारपणात, बाळंतपणात खाडा नको. पिशवी काढण्याआधी सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला. आणि पाण्याचा हिशेब गावापुढे.

यातले बरेच कारखाने सहकारी आहेत. आपल्यापैकी काहीजणी, काहींच्या घरचे लोक सभासद आहेत. वार्षिक सभेत साखरेच्या उताऱ्यावर चर्चा होते, तिथेच हे प्रश्न लेखी विचारा. चिपाडसुद्धा वाया न घालवणारा उद्योग बाईचं शरीर मात्र वापरून टाकून देतो. अशा विकासाला आपण टिकाऊ म्हणणार नाही.