पुढचं मॉड्यूल जवारीचं हवं



पत्रिकेवर विषय छापलाय ‘छोट्या कारखान्यांतली येऊ घातलेली इलेक्ट्रॉनिक वाद्यं’. यंदा कोण काय बाजारात आणतंय, त्याची यादी पुढच्या रांगेतल्या तरुण मंडळींकडे माझ्याहून ताजी असेल. मी आलोय एक मागणी घेऊन. आपल्याकडे जो कुणी मॉड्युलर सिंथेसायझर बनवतो किंवा उद्या बनवेल, त्याचं पुढचं मॉड्यूल जवारीचं असावं.

मॉड्युलर म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. मूग, बुक्ला, डोप्फरने नव्वदच्या दशकात घालून दिलेलं युरोरॅकचं माप, त्या रंगीत केबली, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. नसेल त्यांनी शेजारच्या नातवाला विचारावं. (हशा) एवढंच ध्यानात ठेवा, की इथे स्वर म्हणजे व्होल्टेज. एक व्होल्ट चढला की एक सप्तक चढतं. मधली सगळी जागा मोकळी. आपण ज्याला प्रमाणश्रुती म्हणतो, तो ८१:८०चा बारीक फरक या हिशेबात साधारण १८ मिलिव्होल्टचा.

ही मोकळी जागा आपल्या माणसांना किती हवी होती, पाहा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, ते १९१० साली इथेच, पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापलं गेलं. त्यांना भेटले ई. क्लेमंट्स, जिल्हा न्यायाधीश. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा या मोजणीच्या कामी आला. एक सरकारी अंमलदार, एक इंग्रज न्यायाधीश आणि किराण्याचा एवढा मोठा गवई, तिघांना एकच ध्यास! त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली. भातखंडे तिथे होते, मोठमोठे उस्ताद होते. वाद झाला, आणि पेटी काही मान्य झाली नाही. श्रुती बावीस की किती, यावर लोक आजही भांडतात. मला वाटतं, आकडा चुकला म्हणून ती पेटी हरली नाही. पट्टी दाबली की स्वर जागच्या जागी खिळतो. दरबारीतला गंधार तसा खिळत नाही, तो झुलतो. पट्ट्या बारा करा नाही तर बावीस, झुलणं त्यांना जमायचं नाही. पुढे १९४०मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली—

मागून कुणीतरी ‘आप्पा जळगावकर’ म्हणालं. अहो, आप्पांच्या पेटीला मी नाव ठेवीन का? याच शहरात राहून असं बोलायची कुणाची छाती आहे? (हशा, टाळ्या) पट्ट्यांमधली फट त्यांच्या बोटांनी बुजवली. ते कसब त्यांचं, वाद्याच्या बांधणीचं नव्हे. आणि बांधणीबद्दलच मी बोलतोय. बुक्लाने १९६०च्या दशकातच पियानोची पट्टी नाकारून हात लावायच्या धातूच्या पट्ट्या बसवल्या. कॅलिफोर्नियातल्या माणसाला ते सुचलं, तर तानपुरा मांडीवर घेणाऱ्यांना का सुचू नये?

आता जवारी. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित वाकडा घासलेला असतो. तार थरथरताना त्याला चाटत जाते, टेकण्याची जागा सतत सरकते, आणि खालचा दोरा केसभर हलवला की वरचे स्वर उमलतात. जुन्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडली तिथे ज्यांचा निश्चल बिंदू पडतो, ते स्वर उठायलाच नकोत. तानपुऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं.

शंभर वर्षांनी हे ज्ञान कुठे पोचलं? पॅरिसला. एमिली जिले या बाईंनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स नावाचा इवलासा कारखाना चालवला. त्यांच्या ‘प्लेट्स’ मॉड्यूलच्या प्रोग्रॅममध्ये तारेच्या गणितात चक्क वाकडी घोडी आहे. कारखाना २०२२ साली बंद झाला, पण प्रोग्रॅम आणि आराखडे सगळ्यांना खुले आहेत. सदाशिव पेठेतल्या मुलाने आज रात्री उघडून बघावेत.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. अहमदाबादचं प्रकरण मग आवरतं घेतो. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथल्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, मूगचा मॉड्युलर उभारला, गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर काम केलं, आणि त्या टेपांमधलं संगीत बाहेर यायला २०२३ उजाडलं. यंत्र आलं, माणसं होती, वाद्य बनवणारा कारागीर मात्र त्या खोलीत नव्हता. मला हेच खुपतं.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहेच की, असं तुम्ही म्हणाल. १९७९ साली बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी तो केला, आणि लाखो घरांत रियाज सोपा झाला. पण त्यात बाहेरून केबल घालून दोरा हलवता येत नाही. मला हवंय त्यात चार तारा असाव्यात, प्रत्येकीला स्वतःची खुंटी, आणि प्रत्येकीच्या दोऱ्याला व्होल्टेजची वाट. गायक वर गेला की त्याच्या आवाजाने जवारी उघडावी. पट्टी नको, बारा घरांना चिकटणारा स्वरही नको. आणि पहिला नमुना प्रदर्शनात मांडण्याआधी मिरजेला न्यावा. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने हाताला काम मिळतंच असं नाही. जवारी काढणाऱ्या कारागिराला त्या यंत्रासमोर बसवा, त्याच्या कानाने दोरा लावून घ्या, आणि विक्रीतला वाटा त्याला द्या.

घंटा झाली. सर्किटचा कच्चा आराखडा मी आणलाय. ज्यांना हवाय त्यांनी खाली पुस्तकांच्या टेबलापाशी यावं.