शेजारी बोलेनासा झाला, तर किती वेळ थांबावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने लिहून दिले आहे.)



संगणकावर बोलायला उभा राहिलेला हा मास्तर बी.ए., बी.एड. असून त्याचे विषय मराठी व इतिहास आहेत, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. संगणक-कक्षाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या त्या माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे, तर तो कक्ष माझ्या वर्गाला लागून आहे म्हणून. पण किल्ल्या हाती आल्या की कुलपात काय आहे हे पाहावेसे वाटतेच. गेली काही वर्षे शाळा सुटल्यावर मी तेच पाहत बसतो आणि पाच-सहा मुले-मुली माझ्याबरोबर बसतात.

पालक मला भेटले की एकच प्रश्न विचारतात, "सर, पोराला कोणता कोर्स लावू? नोकरी लागेल ना?" या प्रश्नाचे उत्तर मी आज एका लहानशा फाइलविषयी बोलून देणार आहे. फाइल दहा-बारा ओळींची आहे. तिच्यात आकडेमोड नाही, कविता नाही, चित्र तर नाहीच. पण अनेक यंत्रांवर मिळून चालणारा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी ती वाचली जाते आणि पुढे संकट आले म्हणजे कोणी कसे वागायचे ते तिच्यात ठरलेले असते.

आपल्या अनेक घरांतील कर्ता माणूस कुवेतला, मस्कतला आहे. संध्याकाळी घरच्या मोबाईलवर अब्बांचा निरोप येतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर. हा निरोप इकडून तिकडे पोहोचविणारी व्हॉट्सअ‍ॅपची यंत्रणा एर्लांग नावाच्या भाषेत लिहिलेली आहे. 2012 साली त्या कंपनीने जाहीर केले होते की आमच्या एका सर्व्हरवर एकाच वेळी 20 लाखांहून अधिक जोडण्या चालू राहिल्या. ही भाषा मात्र व्हॉट्सअ‍ॅपसाठी जन्मलेली नाही. 1986 च्या सुमारास स्वीडनमधील एरिक्सन या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्यो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट वर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी तिच्यावर काम सुरू केले. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडता कामा नये आणि एक यंत्र बिघडले तरी दुसऱ्याने काम उचलले पाहिजे, ही त्यांची गरज होती. 1998 साली कंपनीने ही भाषा सर्वांना मोफत खुली केली, म्हणून ती आपल्या शाळेपर्यंत पोहोचू शकली.

भाषेला नाव मिळाले आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाचे. हे गृहस्थ शाळामास्तराचे चिरंजीव, आणि स्वतःही काही वर्षे शाळेत शिकवीत होते. 1908 साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेले आणि किती लोक एकाच वेळी फोन करतील, त्यासाठी किती तारा लागतील, याचे गणित त्यांनी बसविले. मास्तराचा धंदा अगदीच वाया जात नाही, एवढेच मी येथे नमूद करतो.

आता फाइलकडे येऊ. एर्लांगच्या अगदी आतल्या भागाला कर्नल म्हणतात. हा पलटणीतला कर्नल नव्हे. काजूचे टरफल फोडल्यावर आत जो गर निघतो, तो या शब्दाचा अर्थ. इतर सर्व सामान नंतर येते, पण हा गर आणि त्याच्या जोडीचे एक मूळ ग्रंथालय यांच्यावाचून काहीच चालू होत नाही. यंत्रांनी एकमेकांना ओळखणे, कोणी गप्प झाल्यास ते ताडणे, पडलेल्याचे काम दुसऱ्याकडे देणे आणि घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणे ही या गराची कामे. ती कशी करावीत याच्या सूचना त्या फाइलमध्ये लिहितात. फाइलच्या शेवटी पूर्णविराम द्यावाच लागतो. तो विसरला तर संगणक फाइल नाकारतो आणि काम सुरूच करीत नाही. मी वर्षानुवर्षे तांबड्या शाईने जे सांगत आलो, ते मुलांना या यंत्राने एका दुपारी पटवून दिले!

आमचा पहिला प्रयोग साधा होता. एक संगणक कक्षात व दुसरा वाचनालयात ठेवायचा आणि दोघांनी एकमेकांस हाक मारायची. तीन दिवस हाक पोहोचेना. तार बदलली, नावे तपासली. चौथ्या दिवशी वाचनालयातील संगणकाची नोंदवही उघडली, तर तीत स्पष्ट लिहिलेले, की परवानगी नसलेले यंत्र जोडणी मागत आहे. एर्लांगची यंत्रे एकमेकांशी बोलण्यापूर्वी एक खूण-शब्द जुळवून पाहतात. त्याला ते कुकी म्हणतात. पहिल्यांदा चालू होताना प्रत्येक संगणकाने आपापला शब्द स्वतःच तयार करून ठेवला होता, आणि साहजिकच ते दोन निराळे होते. आम्ही एक शब्द दोन्हीकडे ठेवला आणि काम झाले.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. हा खूण-शब्द ज्याच्या हाती लागला, तो दुसऱ्या यंत्रावर जवळजवळ काहीही करवून घेऊ शकतो. शिवाय वेगळी व्यवस्था केली नाही, तर तारेवरून जाणारे बोलणे गुप्त नसते. म्हणजे ही किल्ली उंबऱ्याखाली ठेवण्यासारखी आहे. घरातल्या घरात ठीक, बाजारात नव्हे. शाळेच्या दोन खोल्यांपलीकडे आम्ही ती जाऊ दिलेली नाही.

यानंतर जो प्रयोग केला, त्यासाठीच हे भाषण आहे. दोन्ही यंत्रे बोलत असताना वाचनालयातील कार्यक्रम आम्ही मुद्दाम बंद केला. कक्षातील यंत्राला ते तत्क्षणी कळले. मग पुन्हा सुरू करून या वेळी कार्यक्रमाला हात न लावता दोन खोल्यांमधील तार ओढून काढली. आता मात्र पडद्यावर काहीच नाही. मुले घड्याळ लावून बसली. 52 सेकंदांनी कक्षातील यंत्राने जाहीर केले, की वाचनालय गेले. दुसऱ्यांदा केले तेव्हा 68 सेकंद लागले. एक मुलगा म्हणाला, "सर, मघाशी लगेच कळलं, मग आता एवढा वेळ कशाला?"

प्रश्न फार चांगला होता. कार्यक्रम बंद होतो तेव्हा जाताजाता निरोप जातो. तार तुटते तेव्हा निरोप नेणाराच उरत नाही. मग गप्प झालेला शेजारी मेला, की फक्त वाट तुटली, की तो कामात इतका बुडाला आहे की उत्तर द्यायला सवड नाही? या तीन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. जगातील कोणतेही यंत्र त्यांतला फरक दुरून खात्रीने सांगू शकत नाही. ते इतकेच करू शकते, की काही वेळ थांबायचे आणि मग गेला असे समजायचे. किती थांबायचे, ते माणसाने लिहून द्यायचे. त्या ओळीचे नाव नेट-टिकटाइम. आपण काही लिहिले नाही तर 60 सेकंद धरले जातात. या अवधीचे चार भाग पाडून यंत्रे एकमेकांना चाहूल देत राहतात. त्यामुळे निकाल नेमका 60 व्या सेकंदाला लागत नाही, 45 ते 75 च्या दरम्यान केव्हाही लागतो. आमचे 52 आणि 68 त्यातच बसतात. बोलणाऱ्या सर्व यंत्रांत हा आकडा सारखाच असावा लागतो.

आता पालकांनी लक्ष द्यावे अशी हकीकत सांगतो. आपल्याच शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा पुण्यात एका कंपनीत अशाच यंत्रांची देखरेख करतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री अडीच वाजता त्याचा मला फोन आला. आवाज रडवेला होता. यंत्र बंद पडले तर कळायला मिनिटभर लागते, हे कमी करा, असे वरिष्ठांनी त्याला सांगितले होते. त्याने कोठेतरी वाचून 60 च्या जागी 8 लिहिले. दिवसा सर्व ठीक चालले. रात्री मोठमोठे हिशेब इकडून तिकडे जाऊ लागले, तेव्हा एका यंत्राला चाहूल द्यायला उशीर झाला. बाकीच्यांनी त्याला मृत ठरविले व त्याचे काम वाटून घेतले. वाढलेल्या ओझ्याने त्यांतील दुसरे गप्प झाले, मग तिसरे. खरे तर एकही यंत्र मेलेले नव्हते. मला त्या रात्री सुचले ते एवढेच, की आकडा होता तसा कर. तो त्याने केला व पहाटेपर्यंत निभावले. पण दुसऱ्या दिवशी त्याला विचारण्यात आले, ते 'आकडा का बदललास' असे नव्हे. विचारले, "आठच का?" त्याच्यापाशी उत्तर नव्हते. नोकरी राहिली, परंतु पुढचे सहा महिने त्या फाइलला हात लावायची त्याला मनाई होती.

मी स्वतःला दोष देतो. आठवीत असताना त्याने गणिताचे उत्तर बरोबर आणले की आम्ही शिक्षक खूष होत असू. रीत विचारीत नसू.

उतावळेपणाचा धोका हा असा. पण जास्त थांबण्याचीही किंमत असते, आणि ती आम्ही शाळेतच मोजली. वाचनालयातील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा एक छोटा कार्यक्रम मुलांनी लिहिला. कर्नलच्या फाइलमध्ये डिस्ट्रिब्यूटेड नावाची ओळ असते. तीत लिहिले, की हा कार्यक्रम प्रथम कक्षातील यंत्रावर चालवावा व ते पडले तर वाचनालयातील यंत्राने उचलावा. वारसाचे नाव आधीच लिहून ठेवावे, तसे. आणखी दोन-तीन ओळींत सुरू होताना कोणाची वाट पाहायची व किती वेळ, ते लिहितात. ज्याच्यावाचून सुरू व्हायचेच नाही असा सोबती अनिवार्य म्हणून नोंदवतात, आला तर आला असा ऐच्छिक म्हणून. अनिवार्य सोबती वेळेत आला नाही तर पहिले यंत्रही आपले दुकान बंद करते. मात्र किती वेळ थांबायचे हीच ओळ लिहायची राहिली, तर कोणीच कोणासाठी थांबत नाही. आम्ही ती विसरलो होतो व दोन शनिवार त्यात गेले.

कक्षातील यंत्र सरळ बंद केले की वाचनालयातील यंत्र काम उचलते, हे पाहून मुलांनी टाळ्या वाजविल्या. मग मी तार काढली. साधारण मिनिटाने वाचनालयाने ठरविले की कक्ष मेला, आणि कार्यक्रम सुरू केला. कक्ष तर जिवंतच होता. त्याचाही कार्यक्रम चालूच. म्हणजे एका शाळेत दोन ग्रंथपाल! दोघांनी निरनिराळ्या विद्यार्थ्यांना एकच पुस्तक दिल्याची नोंद केली. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. कोणाचे खरे मानायचे हे ती फाइल सांगत नाही. ते कार्यक्रम लिहिणाऱ्याने ठरवायचे असते, आणि तेच अवघड असते. आमच्या मुलांनी शेवटी असे ठरविले, की वाचनालयातील यंत्राने नवे पुस्तक द्यायचे नाही, परत आलेले तेवढे नोंदवायचे. सोय कमी झाली, पण खोटी नोंद टळली. मला हा निर्णय पसंत आहे, सर्वांना असेलच असे नाही.

यंदा तिसरे यंत्र मुख्याध्यापकांच्या कार्यालयात ठेवीत आहोत. तीन झाली की नवा पेच येतो. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघेही चुलत्याशी बोलतात, अशी स्थिती होऊ शकते, आणि चुलत्याला दोन तोंडांच्या दोन हकीकती ऐकू येतात. 2022 च्या पंचविसाव्या आवृत्तीपासून एर्लांग अशा वेळी आपण होऊन आणखी धागे तोडतो, म्हणजे गट स्वच्छ वेगळे होतात. हे बंद ठेवण्याचीही सोय कर्नलच्या फाइलमध्ये आहे. आम्ही बंद करणार नाही.

या तीन यंत्रांची फाइल नववीतील एका मुलीने लिहिली आहे. आमचा नियम असा, की प्रत्येक आकड्याच्या वरच्या ओळीत टक्क्याची खूण करून त्याचे कारण मराठीत लिहायचे. ती ओळ यंत्र वाचत नाही, माणसांसाठी असते. तिने 60 च्या जागी 80 लिहिले आहे. मी विचारले, कशावरून? तिने वही पुढे केली. खोल्यांतील यंत्रांना बॅटरीचा आधार आहे, पण व्हरांड्यात तारा जोडणारी जी पेटी आहे तिला नाही. वीज गेली की शिपाईमामा जनरेटर सुरू करीपर्यंत ती पेटी बंद राहते. तिने पाच वेळा घड्याळ लावून पाहिले होते. सर्वांत जास्त वेळ लागला तो 50 सेकंद. साठाचा अवधी ठेवला तर 45 व्या सेकंदालाही शेजारी मृत ठरू शकतो. 80 ठेवला तर निदान 60 सेकंद धीर धरला जातो.

वहीत त्याखाली पेन्सिलीने लिहिले होते, "मामा रजेवर असतील त्या दिवसाचे अजून मोजलेले नाही." ते येत्या शनिवारी मोजायचे आहे. कक्ष तीन वाजता उघडतो, ज्या पालकांना यावेसे वाटेल त्यांनी अवश्य यावे.