आपण कानडी शिकावी काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मंडळात आजवर मी पोह्यांचे पातेले सांभाळले, वाणाचे सामान आणले आणि वर्गणीची वही लिहिली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाईंनी “या वर्षी तुम्ही बोलायचे” असे सांगितले तेव्हा मी दोन दिवस त्यांना चुकवत होते. विषय मात्र माझा मीच निवडला. तो ऐकून कार्यकारिणीत दोघीतिघी हसल्या. एक म्हणाल्या, “अहो, पोरांना धड इंग्रजी येईना, आणि तुमचं कानडी कुठं मधेच काढलंत?” तेव्हा आधी हे कुठून निघाले ते सांगते.

आमच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का हा शब्दच मुळी कानडी आहे, थोरली बहीण असा त्याचा अर्थ, हे मला फार उशिरा कळले. अक्कांचे माहेर हुक्केरी तालुक्यात. आमच्यात सीमेपलीकडे सोयरीक करणे काही नवे नाही. कोल्हापुराहून निपाणी चाळीस किलोमीटर, पुढे संकेश्वर. पुण्यापेक्षा ते जवळ. मी या घरात आले तेव्हा अक्कांना येऊन आठ वर्षे झाली होती. त्या मराठी बोलत, पण “चहा झाली”, “माझा साडी वाळला काय” असे बोलत. सासूबाई हसत, दीर हसत. मीही हसले. घरात नवी असताना या एका हसण्यात तरी मला सगळ्यांत मिळून जाता आले, याचे मला तेव्हा बरेच वाटले होते. आज सांगताना बरे वाटत नाही.

अक्का फोनवर आईशी बोलू लागल्या की मुले “यंडूगुंडू सुरू झालं” म्हणून ओरडत. मग अक्का फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागल्या. पुढे स्वतःच्या मुलांशीही कानडी बोलणे त्यांनी सोडून दिले. आम्ही दोघींनी एका ओट्याशी बावीस वर्षे काढली. माझ्या माहेरच्या पद्धतीची आमटीसुद्धा त्यांनी माझ्याकडून शिकून घेतली. आणि मला पाण्याला कानडीत काय म्हणतात हेही ठाऊक नव्हते.

वास्तविक आपला संसार कानडी मुलखावाचून एक दिवस चालत नाही. उन्हाळ्यात चटणी करायची तर तिखटपणाला संकेश्वरी मिरची हवी आणि रंगाला ब्याडगी. दोन्ही गावे कर्नाटकात. आपल्या आज्या नेसत ते इरकली लुगडे इलकलचे, आणि चोळीचा खण गुळेदगुड्डचा. मार्गशीर्षात इथून एस. टी. भरभरून बायका सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात. तिकडची माणसे नृसिंहवाडीला येतात, आपण गाणगापूरला जातो. ज्ञानेश्वर माउलींनी तर विठ्ठलालाच कानडा म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराचे देऊळ पाहायला आपली सहल गेली होती, आठवते ना? तिथे जुने कानडी शिलालेख आहेत आणि यादव राजाचा संस्कृत लेखही आहे. आपण सगळ्या हत्तींपाशी फोटो काढून परत आलो. आणि तूप, अडकित्ता, उप्पीट? हे शब्द तिकडून आलेले आहेत. पुण्याची मंडळी शोधतात आणि आपण ‘हुडकतो’, तेही कानडीच. म्हणजे भाषा आपल्या तोंडात आहे, फक्त बोलणाऱ्या माणसाला आपण हसतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर जीभ थोडी थोडी वळू लागली. आम्हाला आनंद झाला, पण येणारा एकेक शब्द कानडी! मराठी एकही नाही. तीस वर्षे बोललेली मराठी जणू कोणी पुसून टाकली. डॉक्टर म्हणाले, दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या बाबतीत असे कधी कधी होते, एक भाषा आधी परत येते, दुसरी मागाहून येते किंवा येतही नाही.

अक्का एकच म्हणत, “तली, तली.” आम्ही थाळी आणून पुढे ठेवायचो. त्या तोंड फिरवायच्या. पुन्हा “तली”. वरण पातळ करून आणले, खीर करून आणली, थाळी बदलून स्टीलची केली. डाव्या हाताने त्यांनी ती ढकलून दिली. मग “बाच, बाच” म्हणू लागल्या. सासूबाईंना वाटले ‘वाच’ म्हणते. दिरांनी पोथी काढून वाचायला घेतली. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा आम्हाला वाटले, पोथी ऐकून गहिवरल्या.

पोटची मुलगी पुण्याहून आली. तिलाही कळेना. तिला कळणार कसे? तिच्या कानावर ती भाषा पडूच दिली नव्हती आम्ही.

अक्कांची वहिनी येणार होती. पण ६ डिसेंबरला बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तिकडे जाणाऱ्या एस. टी. बंद झाल्या. गाड्या सुरू झाल्यावरही भीतीपोटी ती आठवडाभर निघाली नाही. फोन लावून दिला तर इकडे अक्का रडत आणि तिकडे भाऊ रडे. ‘तली’ म्हणजे काय हे त्याला विचारावे असे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. कारण आम्हाला अर्थ कळलेलाच होता ना! कळले नाही असे वाटले असते तर चार ठिकाणी विचारले असते.

मार्गशीर्षात शेजारी लग्न होते. चुडा भरायला निपाणीकडची कासारीण आली होती. ती अक्कांना ओळखत होती म्हणून भेटायला आत आली. क्षणभर ऐकले आणि आम्हाला म्हणाली, “अवो, त्या डोस्कं इंचरा म्हणत्यात!” तली म्हणजे डोके. बाच म्हणजे विंचर. दवाखान्यात नेल्यापासून अक्कांच्या केसांना कोणी फणी लावली नव्हती. अंथरुणावर पडून पडून केसांचा नमदा झाला होता. नऊ माणसांचे आमचे घर, त्यांत बायका चार, आणि ज्या बाईने आयुष्यात एकदा विस्कटल्या केसांनी दारात पाऊल टाकले नाही ती इतके दिवस फणी मागत होती.

मी तेल आणि फणी घेऊन बसले. गुंता सोडवायला दीड तास लागला.

त्या रात्री मी ठरवले की कानडी शिकायची. वय चव्वेचाळीस नव्हते अजून, बेचाळीस होते.

हे मी मागे मंडळात सांगितले तेव्हा आपल्यातल्या एका ज्येष्ठ बाईंना राग आला होता. त्यांचे माहेर बेळगावचे. त्या म्हणाल्या, “तिकडे आमच्यावर कानडीची सक्ती, आणि तुम्ही इकडे हौसेने शिकता?” त्यांचा राग मी टाळून पुढे जाणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. तो दिवस तिथली मराठी माणसे काळा दिन पाळतात. १९६६ साली महाजन आयोग नेमला, पुढल्या वर्षी त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इतक्या वर्षांत कितीतरी म्हाताऱ्यांच्या हातात कानडी कागद पडला आणि तो वाचून घ्यायला त्यांना दुसऱ्याच्या दारात जावे लागले. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा ही बेळगावकरांची मागणी जुनी आहे आणि मला ती शंभर टक्के रास्त वाटते.

पण बाई, एक सांगू का? आमच्या अक्कांची गत पाहीपर्यंत मला ती मागणी नुसती वर्तमानपत्रात वाचून ठाऊक होती. आपले म्हणणे समोरच्याला कळत नाही म्हणजे काय होते हे मी माझ्या घरात पाहिले. तिथे आम्ही सरकार होतो. तिकडे मराठी बाईला कानडी यावी लागते, इकडे कानडी बाईला मराठी यावी लागते. शिकायचे ते नेहमी जिची संख्या कमी तिने, जी सून होऊन आली तिने, जी डोक्यावर पाटी घेऊन दारात आली तिने. ज्यांचे अडत नाही ते शिकत नाहीत. त्या कासारणीला तीन भाषा येतात, आणि शाळेत ती दुसरीपर्यंत गेली आहे.

हे काही आपल्याकडेच आहे असे नाही. माझा भाचा कॅनडात असतो. (कानडा नव्हे, कॅनडा. सासूबाईंचा अजून घोटाळा होतो.) तिथे इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा आहेत, १९६९ साली तसा कायदा झाला. दुधाच्या खोक्यावरसुद्धा मजकूर दोन्ही भाषांत छापतात. मी म्हटले, मग सगळ्यांना दोन्ही येत असतील. तो हसला. २०२१ च्या तिथल्या शिरगणतीत दोन्ही भाषा बोलता येणारे शंभरात अठराच निघाले, आणि त्यांत फ्रेंच घरातली माणसे जास्त. इंग्रजी बोलणारे विचारतात, आमचे अडते कुठे? ऐकून मला आमचेच घर आठवले. म्हणजे खोक्यावर छापूनही भागत नाही.

शाळेतून सक्ती करावी असे मी म्हणत नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे आदेश निघाले, केवढा गदारोळ झाला आणि जूनअखेर ते मागे घ्यावे लागले. पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा लादू नये, हे बरोबरच झाले असे माझे मत. पण त्या सगळ्या चर्चेत कोल्हापूरच्या पोराला बाजारात, एस. टी. स्टँडवर कोणती भाषा ऐकू येते हे कोणी विचारले नाही. माझी भाची इंग्रजी शाळेत फ्रेंच घेते. मार्क चांगले पडतात म्हणे. घ्यावे, माझी ना नाही. पण तिच्या घरी धुणेभांडी करायला येणारी बाई कानडी आहे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बेळगावकडे एका कंडक्टरला मराठी येत नाही म्हणून मार बसल्याची बातमी आली. मग तिकडे आपल्या एस. टी. च्या ड्रायव्हरच्या तोंडाला काळे फासले. पुन्हा गाड्या बंद. दोघेही पोटासाठी गाडीवर चढलेले. अक्का त्या वेळी बातम्या बघत होत्या. त्यांनी काही न बोलता टीव्ही बंद केला.

आता माझ्या शिकण्याविषयी थोडे. निपाणीहून एक अंकलिपी आणवली. कानडी अक्षरे दिसायला गोल गोल, जिलेबीसारखी. पण क्रम आपलाच, क ख ग घ. फक्त ए आणि ओ त्यांच्यात ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे, तिथे माझी जीभ अजून अडते. आणि एक गोष्ट कळली तेव्हा मी अंकलिपी मिटून बसले. कानडीत पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. चहा तो की ती, साडी तो की ती, हा प्रश्नच तिथे नाही. आपल्याकडे तो दरवाजा, ती खिडकी आणि ते दार! ज्या चुकीला आम्ही वर्षानुवर्षे हसलो ती चूक कशी होते ते समजायला मला एक रुपया खर्च नव्हता, नुसते विचारायचे होते.

माझी मास्तरीण अक्काच. सकाळी मी “नीरु बेकू?” म्हणते, पाणी हवे का. त्या “बिसि” म्हणतात, म्हणजे गरम. वर्षभराने त्यांची मराठीही बरीचशी परत आली, पण आम्ही कानडी सोडली नाही. आता चुका मी करते आणि हसतात त्या. फार हसतात. बरोबरच आहे.

मंडळात दर बुधवारी दुपारी तीन वाजता आम्ही बसतो. आरंभी अकरा जणी होत्या, आता चार उरल्या. मालिकेची वेळ आड येते असे कळले, म्हणून वेळ बदलून चार केली आहे. वही-पेन्सिल घरून आणायची. फी नाही. बेळगावच्या बाई अजून आलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी मी खुर्ची ठेवते, कारण आमच्यात खरी कानडी त्यांनाच येते.

अजून दोन मुद्दे लिहून आणले होते, पण अक्का पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि मघापासून डावा हात हलवून मला “साकू, साकू” म्हणत आहेत. साकू म्हणजे पुरे.