न वाचता नापास
(नाशिकरोड येथील वाचक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाला एकदाच बोलायला मिळतं, आणि त्या एका संधीत त्याने मराठीच्या भवितव्याची काळजी करून खाली बसावं, असा प्रघात आहे. काळजी करणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आज हिशेब मागणार आहे. ज्या लेखकांनी मराठी माणसाला वाचनाची चटक लावली, त्यांना आपल्या साहित्यव्यवहाराने कोणत्या रांगेत उभं केलं? त्या रांगेत बाबूराव अर्नाळकर आहेत, गुरुनाथ नाईक आहेत, सुहास शिरवळकर आहेत. प्रत्येकावर एकेक भाषण होऊ शकेल. पण सगळ्यांची नावं एका दमात घेऊन हळहळ व्यक्त केली की काम भागतं, आणि हीच आपली जुनी पळवाट आहे. म्हणून मी एकच नाव घेतो, भयकथा लिहिणारे नारायण धारप. जन्म १९२५, निधन २००८, पुस्तकं शंभराच्या वर. २०२५ साली त्यांची जन्मशताब्दी भरली. त्या निमित्ताने एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने त्यांच्यावर गंभीर परिसंवाद घेतला असेल, तर त्या विभागाचं मी इथून अभिनंदन करतो. नसेल घेतला, तर मला नवल वाटणार नाही.

धारप जन्मले त्याच १९२५ साली आपल्या नाशिकरोडला सरकारी प्रेस सुरू झाली, आणि १९२८ पासून इथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. नोटेचा व्यवहार तुम्हाला मी काय सांगणार? कागद, शाई, यंत्र सगळं असलं तरी सही असते म्हणून नोट चालते. मराठी साहित्यातही काही मंडळींनी ही सही करण्याचं काम स्वतःकडे घेतलं. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर निदान कायद्याने नेमलेला असतो. या मंडळींना कुणी नेमलं, हे विचारण्याची आपली हिंमत झाली नाही. त्यांनी धारपांच्या पुस्तकांवर सही केली नाही, आणि वाचकांनी मात्र ती पुस्तकं चलनात ठेवली. वाचनालयातल्या या पुस्तकांच्या बांधण्या सुटल्या, पानं पिवळी पडली, पण वर्गणीदार रांगेत उभे राहिले. माझा आरोप असा आहे की धारपांचं मूल्यमापन झालं आणि ते कमी पडले, असं घडलेलंच नाही. मूल्यमापन झालंच नाही. परीक्षेला बसू न देता त्यांना नापास ठरवण्यात आलं.

आता धारप काय करत होते ते पाहू, कारण त्यांची बाजू घेणारेही पुष्कळदा ‘रात्री वाचलं की झोप लागत नाही’ यापलीकडे जात नाहीत. धारपांची भीती स्मशानात किंवा वडाच्या झाडावर बसलेली नसते. ती वारशाने मिळालेल्या घरात असते, बदली होऊन आलेल्या गावात असते, शहाण्यासुरत्या, नोकरीधंद्यातल्या मध्यमवर्गीय कुटुंबात शिरते. त्यांचा निवेदक बहुधा शंकेखोर असतो. तो आधी साधं कारण शोधतो, दुसरं शोधतो, आणि सगळी कारणं संपल्यावर नाइलाजाने अमानवी शक्यतेपाशी येतो. ही शिस्त तर्काची आहे. ‘समर्थ’ मालिकेतल्या कथांत दुष्ट शक्तीलाही नियम असतात. ती कुठून येते, कशाने बळावते, कुठे थांबते हे ठरलेलं असतं, आणि तिचा सामना करणाऱ्या समर्थांनाही ते नियम पाळावे लागतात. कल्पित जगाची अशी बांधणी करणं आणि ती शेवटच्या पानापर्यंत टिकवणं हे कादंबरीचं अवघड काम आहे. शिवाय त्यांनी ‘नेनचिम’, ‘गोग्रॅमचा चितार’ यांसारखी विज्ञानकल्पनेच्या वाटेने जाणारी पुस्तकं लिहिली. भाषा साधी, वाक्य छोटं, वर्णन मोजकं. साधं लिहिणाऱ्याला आपल्याकडे लिहिताच येत नाही असं समजतात, ही गोष्ट निराळी.

भय हा हलका विषय आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी भरतमुनींशी भांडावं. नाट्यशास्त्राने भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तिन्ही रस शृंगार-करुणाच्या पंगतीला बसवले आहेत, वेगळं पान मांडलेलं नाही. इथल्याच जेलमध्ये १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. पिढ्यान् पिढ्या ते पुस्तक वाचून महाराष्ट्र रडला, आणि त्या रडण्याचा आपल्याला अभिमान आहे. असायलाच हवा. मग करुण रसाने वाचकाला हलवलं तर ते संस्कार आणि भयानकाने हलवलं तर ती करमणूक, ही वाटणी कोणत्या शास्त्रात बसते? आणि अद्भुताचंच वावडं म्हणावं, तर जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तल्या कथा कोणत्या तालुक्यात घडतात? त्यांचे प्रदेश कल्पित, त्यांतली नियती गूढ, आणि आमचे समीक्षक त्यांच्यापुढे नतमस्तक. मीही आहे. माझं म्हणणं एवढंच की जी.एं.च्या अद्भुताला तत्त्वचिंतन म्हणायचं आणि धारपांच्या अद्भुताला भुताटकी म्हणायचं, तर दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून, उतारे दाखवून, फरक सिद्ध करावा लागेल. तो फरक कदाचित सिद्ध होईलही. पण सिद्ध करण्याचे कष्ट कुणी घेतले, ते मला दाखवा.

आता धारपांवरचे आक्षेप पाहू. पहिला असा की शंभरावर पुस्तकं लिहिणारा माणूस चांगलं किती लिहिणार? धारपांचं सगळं लेखन सारख्या तोलाचं नाही, हे त्यांचा कुठलाही चाहता कबूल करील. काही कथांत शेवट आधीच कळतो, काही ठिकाणी एकच कल्पना कपडे बदलून पुन्हा येते. पण विपुल लेखन हा गुन्हा असेल तर ना. सी. फडक्यांनी सत्तरच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९४० साली रत्नागिरीच्या संमेलनाने त्यांना अध्यक्ष केलं. त्यांच्या कादंबऱ्यांतही तेच टेनिस, तेच तरुण आणि तेच गैरसमज पुन्हा येतात, म्हणून कुणी त्यांना साहित्याबाहेर काढलं नाही. लेखकाचं मोजमाप त्याच्या उत्तम लेखनावरून करायचं, हा नियम आपण फडक्यांना लावला. तोच धारपांना लावा. सवलत मागायला मी इथे उभा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘शपथ’ आणि ‘लुचाई’ या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या मागे अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या ‘इट’ आणि ‘सालेम्स लॉट’ या कादंबऱ्या आहेत, हे आता सर्वांना माहीत आहे. तर मग हे उसनं नाही का? उसनं आहेच. पण आपल्या गद्याची आणि नाटकाची पेढी कोणत्या भांडवलावर उभी राहिली, तेही उघडून पाहू. हरिभाऊ आपट्यांनी ‘मधली स्थिती’ लिहिताना रेनल्ड्सचा आधार घेतला. देवलांचा ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून आला, आगरकरांचा ‘विकारविलसित’ ‘हॅम्लेट’वरून, पु. लं.ची ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून. आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मागे किंग लिअरची सावली आहे, असं आपण कौतुकाने सांगतो. सावली लिअरची पडली तर परंपरा आणि किंगची पडली तर चोरी, असा न्याय चालणार नाही. मूळ कृतीचं ऋण पुस्तकावर स्पष्ट छापलं पाहिजे, ही मागणी मात्र रास्त आहे, आणि ती प्रत्येक रूपांतराला, प्रत्येक लेखकाला आणि प्रत्येक प्रकाशकाला लागू आहे. ते ऋण मान्य करून मग तपासायचं ते असं की परक्या गावातली गोष्ट मराठी घरात आणताना लेखकाने काय टाकलं, काय बदललं, माणसं आपली वाटतात की वेषांतर केलेली. हे काम तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांचं आहे. त्यांनी करावं. ‘रूपांतर आहे’ एवढं म्हणून पुस्तक मिटणं याला अभ्यास म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप माझ्या जवळच्या मंडळींचा आहे, म्हणून त्याला आदराने उत्तर देतो. ज्या महाराष्ट्रात अंधश्रद्धेशी लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे भुताखेतांच्या कादंबऱ्यांचं समर्थन कसं करता, असं ते विचारतात. भोंदू बाबा आणि कादंबरीकार यांच्यात एक स्वच्छ रेषा आहे. बाबा सांगतो की हे खरं आहे, आणि त्यावर पैसे उकळतो. कादंबरीकाराच्या पुस्तकावरच ‘कादंबरी’ असं छापलेलं असतं. वाचक तीनचार तासांपुरती शंका बाजूला ठेवतो आणि पुस्तक मिटलं की ती पुन्हा उचलतो. कल्पित आणि खरं यांतली सीमा ज्याला वाचनातून कळली, तो बाबाच्या दरबारात सहज फसेल, असं मला वाटत नाही. अंधश्रद्धेशी लढायचं ते दरबारात लढू, ग्रंथालयाच्या कपाटात नको.

आता चौथा आक्षेप, जो विजयी मुद्रेने मांडला जातो. २०२१ साली नाशिकला ९४ वं अखिल भारतीय संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर होते, तेव्हा अशा लेखनाला दार उघडलेलं आहे, असं म्हणतात. नारळीकरांबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. प्रकृतीमुळे ते मंडपात येऊ शकले नाहीत, याची हुरहुर अजून आहे. पण विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन करणाऱ्या जगविख्यात शास्त्रज्ञाला दार उघडलं, याचा अर्थ त्या वाङ्मयप्रकाराला उघडलं असा होत नाही. नारळीकरांनीच आपल्याला यातला खरा धडा दिला आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या नावाचं वजन कथेच्या पारड्यात पडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी नाव झाकून कथा पुढे केली. धारपांच्या बाबतीत आमच्या समीक्षकांनी नाव पाहून कथा झाकली. यातले काही जण पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका व्यासपीठावर ‘वाचक कुठे हरवला?’ या विषयावर अध्यक्षीय समारोप करणार आहेत. वाचक हरवलेला नाही, महाराज. तो तुमच्या मागच्या कपाटापाशी उभा आहे आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बोलता आहात.

कपाटाचा विषय निघाला आहे तर माझं नेहमीचं गाऱ्हाणं आज ऐकून घ्यावंच लागेल. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने आपल्या गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता आली, अनुदान आलं, अ-ब-क-ड असे वर्ग आले. शासनमान्य ग्रंथांच्या याद्या आल्या. पण जे पुस्तक वाचून वाचून फाटतं त्याचं काय करायचं, याचं समाधानकारक उत्तर आपल्यापाशी नाही. फाटलं की ते बाद होतं आणि रद्दीत जातं. म्हणजे ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही ते कपाटात सुखरूप, आणि ज्यावर वाचकांनी प्रेम केलं ते नष्ट! लोकप्रिय कादंबऱ्या स्वस्त कागदावर निघाल्या, बहुतेकांवर कुणी जिल्दही चढवली नाही. धारपांची बरीच पुस्तकं छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने पुन्हा छापली, त्यांना धन्यवाद. पण पहिल्या आवृत्त्या, दिवाळी अंकांतल्या आणि मासिकांतल्या कथा, मुखपृष्ठं, ही सगळी सामग्री विस्कळीत पडली आहे. तुमच्या ग्रंथपालांना तुटपुंज्या मानधनावर राबवून तुम्ही हे जतन व्हावं अशी अपेक्षा कशी करता, हे मी शासनालाही विचारतो. नाशिक शहराला सार्वजनिक वाचनालयाचा १८४० पासूनचा वारसा आहे. नाशिकरोडला स्टेशन आहे, प्रेस आहे, शेजारी देवळाली कॅम्प आहे. पाळी आणि गाडी यांच्या वेळा सांभाळून वाचणाऱ्या माणसांचं हे गाव आहे. या माणसांनी काय वाचलं, याची नोंद म्हणजे मराठी वाचनाचा अर्धा इतिहास आहे, आणि तो आपण किलोच्या भावाने विकतो आहोत.

दुसऱ्यांना मात्र या कपाटाची किंमत कळली. २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं, आणि बीज धारपांच्या कथेतलं. लोभ माणसाला पिढ्यान् पिढ्या कसा खातो, हे त्यात पावसाने भिजलेल्या कोकणात दिसलं. चित्रपट हिंदीत होता. देशभर नावाजला गेला आणि २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. २०१८ सालीच धारपांच्या कादंबरीवर ‘ग्रहण’ ही मराठी मालिका आली. पडद्यावर चाललं म्हणून साहित्य थोर ठरतं, असं मी म्हणत नाही. ते मोजमाप मला मान्य नाही. पण लेखक गेल्यावर दहा वर्षांनी नव्या पिढीचा कलावंत त्याच्या कथेपाशी परत येतो, तेव्हा त्या कथेत काही जिवंत आहे की नाही, एवढं तपासायची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांवर पडते. ती अजून कुणी नीट उचललेली मला दिसत नाही.

म्हणून या मेळाव्यापुढे तीन मागण्या ठेवतो. विद्यापीठांनी लोकप्रिय कादंबरीची एक तरी अभ्यासपत्रिका सक्तीने लावावी आणि तीत धारपांची निवडक पुस्तकं नेमावीत. ग्रंथालय संचालनालयाने बाद होणाऱ्या प्रत्येक मराठी कादंबरीची एक प्रत, फाटकी असली तरी, जिल्हा पातळीवर राखून ठेवावी आणि तिची छायाप्रत करावी. आणि तिसरी मागणी तुमच्याकडे आहे. आपल्या घरातल्या माळ्यावर, वाचनालयाच्या अडगळीत अशा कादंबऱ्या आणि जुने दिवाळी अंक असतील, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. यादी करा आणि जवळच्या ग्रंथपालाच्या हाती सोपवा. धारपांना मोठं म्हणा, असा आग्रह मी धरणार नाही. त्यांना वाचा, नीट वाचा, आणि मग वाटलं तर खुशाल नापास करा. तो निकाल मी मान्य करीन. आजचा निकाल मला मान्य नाही.