'आशा परत येते' : ओळख पटवायची कशी?

(मंडळाच्या वाचनकट्ट्यावर, राई येथे केलेले भाषण)



आवडत्या रहस्यकथेवर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी संगणकवाला, समीक्षक नव्हे. तेव्हा हे एका साध्या वाचकाचं मत समजा.

जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीचं नाव इथे फार थोड्यांनी ऐकलं असेल. गोष्ट मात्र बहुतेकांना ठाऊक आहे. राजा परांजपे यांनी १९६४ साली तिच्यावर 'पाठलाग' काढला, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांना घेऊन. त्यावरूनच १९६६ मध्ये राज खोसलांनी साधना आणि सुनील दत्तचा 'मेरा साया' केला.

एक नामांकित वकील. त्याची लाडकी बायको त्याच्या डोळ्यांदेखत जाते. पुढे पोलीस दरोडेखोरांबरोबरच्या एका बाईला पकडतात. चेहरा हुबेहूब तोच, आणि ती म्हणते, मीच यांची बायको! प्रकरण कोर्टात जातं.

आता आमच्या धंद्यातली गंमत बघा. पासवर्ड विसरला की संगणक गुप्त प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं की दार उघडतं. इथे उलटं होतं. ती नवराबायकोतल्या खाजगी गोष्टी अचूक सांगते, आणि उत्तर जितकं बरोबर, तितका नवऱ्याचा संशय वाढतो. हिला हे कुणी पढवलं? मला ही कल्पना जबरदस्त वाटते.

शेवट सांगून टाकतो, साठ वर्षं झाली, आता राग मानू नका. गेली ती जुळी बहीण. कोर्टात उभी असलेली खरी बायको. जुळ्या बहिणीची ही युक्ती मला जरा सोयीची वाटते. पण म्हणून गोष्ट पडत नाही, कारण तिचं बळ रहस्यात नाहीच. डॅफ्ने द्यु मॉरिए यांच्या 'रिबेका' (१९३८) मध्ये मेलेली पहिली बायको दुसरीला सुखाने जगू देत नाही. इथे तर बाई स्वतःचीच सवत झाली आहे! नवरा मेलेल्या बायकोच्या आठवणीत इतका बुडालाय की समोरची जिवंत बायको त्याला दिसत नाही.

आणि हे घडलं कसं? 'मेरा साया' पुन्हा बघा. नवरा कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेलेला असतो. अदलाबदल होते ती तो घरी नसताना. मंडळी, हा धागा आपल्याला लागू पडतो. आखातात आपल्यातले कितीतरी जण आधी एकटे आले. कुणाची बायको अजून सांगलीला, कुणाची रत्नागिरीला. मनात मात्र ती निघतानाच्या दिवशी होती तशीच राहते. मधल्या काळात तिनं घर सांभाळलं, सासूचं दुखणंखुपणं काढलं, बँकेचे व्यवहार शिकली. सुट्टीत भेटते ती वेगळीच बाई असते. मग आपण म्हणतो, "तू किती बदललीस!" कोर्टातला तो वकील तरी वेगळं काय म्हणत होता?

२०२४ मध्ये कुवेत सरकारने आपल्या सगळ्यांचे बोटांचे ठसे घेतले. जुळ्या भावंडांचेही ठसे वेगळे असतात, त्यामुळे सरकारची फसगत व्हायची नाही. पण घरच्या माणसाची ओळख ठशांवर पटत नाही. ती सहवासानेच पटते, आणि सहवास तुटला की पुन्हा करून घ्यावी लागते.

'पाठलाग' मिळाला तर जोडीने बघा, आणि नंतर थोडं बोला.