गच्ची कोणाची, गळती कोणाची?

(रौप्यमहोत्सवी समारंभात सभासदांसमोर केलेले भाषण)



सत्कार झाले, मुलांचे नाच झाले. आता जेवणाआधी थोडा वेळ गच्चीला द्या. बांधकामात माझी सारी नोकरी गेली, म्हणून कमिटीने हा विषय माझ्या गळ्यात घातला आहे.

गळती आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. ज्यांची गावाकडं धाब्याची घरं होती त्यांना आठवत असेल, मृग लागायच्या आत धाब्यावर पांढरीची माती टाकून चोपावी लागायची. घरातलं लहान-मोठं माणूस त्या कामाला लागे. सिमेंटची स्लॅब आली आणि आपण समजलो, आता वर पाहायचं कामच नाही.

आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश म्हणजे काही बातमी नव्हे. स्लॅब त्याहून जास्त तापते आणि पहिल्या सरीला एकदम निवते. 20 मीटर लांबीची स्लॅब 30 अंशांच्या फरकाने सुमारे 6 मिलीमीटर लांब-आखूड होते. कठडा आणि कोबा तिच्या बरोबरीने हलत नाहीत, म्हणून पहिली भेग कठड्याच्या बुडाशी पडते. उरलेलं काम आपण करतो. कुलरचा स्टँड, सोलर, डिशची छत्री, ज्याला त्याला ड्रिल! कुलरचं पाणी चार महिने ठिबकतं ते वेगळंच.

आता उपाय. ‘भाऊ, डांबर मारून टाका न, टेंशन नाही,’ असं एक ठेकेदार म्हणून गेला. डांबरी शीट वाईट नाही, पण आपल्या उन्हात ती उघडी ठेवली तर लवकर म्हातारी होते. आणि आपली गच्ची नांदती आहे, तिच्यावर खाटा ओढल्या जातात. पांढरा अॅक्रिलिक रंग स्वस्त पडतो, वरच्या मजल्याला थोडा गारवाही देतो. मात्र पाणी साचून राहतं तिथं तो पोपडे धरतो. जुन्या कोब्यावरच नवा कोबा चढवायचा, ही तिसरी सूचना. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. चार इंच विटेच्या कोब्याचं वजन शंभर चौरस फुटांवर जवळपास दोन टन होतं. पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर एवढा बोजा कशाला?

मी गजाने ठोकत सगळी गच्ची फिरलो. जिन्याकडची बाजू खणखणीत आहे. टाकीकडच्या अर्ध्या भागात बद्द आवाज येतो, म्हणजे कोब्याने स्लॅब सोडली आहे. तिथं पाणी आत शिरून फिरतं आणि भलत्याच घरात टपकतं. वरून कितीही रंग लावा, आत साठलेलं पाणी तिथंच राहणार. म्हणून तेवढा अर्धा भाग स्लॅबपर्यंत उखडावा, गंजलेली सळई दिसेल तिथं आधी दुरुस्ती करावी, मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, कठड्यावर फूटभर चढवून. त्यावर पाइपाकडे उतार देऊन नवा कोबा आणि पांढरी चायना मोझेक. चांगल्या अर्ध्या भागात भेगा भरून, साचणाऱ्या जागी उतार सुधारून, लवचीक कोटिंग पुरे. दोन्हींचा सांधा मात्र जाळी घालून नीट बांधायचा. ठेकेदार घाई करतो ती तिथंच.

पाण्याचं एक सांगतो. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्याच्या शेजारी राहतो. बोअरचं खारं पाणी सिमेंटात गेलं तर सळई आतून गंजते. कालवायलाही आणि नंतर भिजत ठेवायलाही नळाचंच पाणी वापरायचं. एप्रिल-मे मध्ये तेवढं पाणी मिळत नाही, आणि ताजं सिमेंट उन्हात भाजून निघतं. काम काढायचं तर मार्चच्या आत.

आता पैशाचं. ‘आम्ही तळमजल्यावर, आमच्या घरात थेंब नाही, आम्ही काऊन द्यावं?’ हे मागच्या सभेत ऐकलं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत, दोन्हींची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची असं आहे. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी त्यासाठीच असतो. वरच्या मजल्यावरच्या एका ताईंनी तीन पावसाळे पलंगावर घमेलं ठेवून काढले. त्यांच्या छताची सळई गंजली तर ती सळई त्यांच्या एकट्यांची नाही, सगळ्या इमारतीची आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं असतं, तेही याच हाताने उरकून घ्यावं.

कोटिंग झाल्यावर पाइपांची तोंडं बांधून दोन-तीन इंच पाणी 72 तास साठवायचं. कोबा झाल्यावर पुन्हा तसंच. वरच्या चारही घरांची छतं कोरडी दिसल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नये, हे करारातच लिहा. कुलर आणि डिशचे स्टँड कठड्याबाहेर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर, ड्रिल बंद.

आणि वहिनींनो, यंदा कुरडया-पापडांना निम्मीच गच्ची मिळेल, हे आजच सांगून ठेवतो. चला, पानं वाढली आहेत.